बॉनेट पुसून घ्या

"ते बॉनेट पुसून घ्या आधी."

एवढंच म्हणाले पाटील साहेब. आवाज चढवला नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं ते साफसफाईच्या सलीमभाईंकडं. सलीमभाई फडकं घेऊन पुढं आले आणि क्षणापूर्वी जिथं माझा हात टेकलेला होता ती जागा त्यांनी पुसली. साहेबांच्या आई म्हणाल्या, "कोरड्यानं नको. पाण्यानं पूस." मग पूजेच्या तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि परत पुसली.

त्या दिवशी शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात पहिली गाडी लाईनवरून उतरली होती. विजेवर चालणारी, पाच माणसांची, पांढरी. परदेशातून सुटे भाग आणून इथं जोडलेली नव्हती. आखली इथं, ओतली इथं, बांधली इथं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या मातीतली आपली गाडी'. झेंडूचा हार होता. नारळ होता. पन्नासेक माणसं गोलात उभी होती. मी उजव्या दिव्याजवळ उभी होते आणि माझा तळवा बॉनेटवर होता. कुणी ठेवायला सांगितला नव्हता. आपोआप गेला. कारण त्या बॉनेटखाली जी मोटार होती, ती माझी होती. म्हणजे मालकीची नव्हे. मी घडवलेली.

साहेबांच्या आई गावाहून पूजेसाठी आल्या होत्या. सगळे त्यांना आईसाहेब म्हणतात. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही आपल्या गावची ना रे? त्या मोटारवाल्याची?"

"हो," साहेब म्हणाले.

"मग हिचा हात कसा काय गाडीला? अजून पूजा व्हायचीय."

साहेब माझ्याकडं वळले. हसत हसत म्हणाले, "तू जरा मागं हो गं. नारळ फुटू दे, मग ये."

आणि मी मागं झाले.

हे आधीच सांगून टाकते. लोक मला आता धीट म्हणतात, म्हणून सांगते. त्या दिवशी मी धीट नव्हते. डिप्लोमा होता, नोकरी करत पुढं घेतलेली डिग्री होती, कायद्याचं कलमसुद्धा तोंडपाठ होतं. तोंडातून एक शब्द फुटला नाही. दोन पावलं मागं झाले. मग तिसरं. पुसून झालं, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या. बॉनेट पुसलं याच्यापेक्षा मला त्या टाळ्यांची लाज जास्त वाटते. अजून वाटते.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं. गावात आमची वस्ती वेगळी, बौद्धांची, ओढ्याच्या अलीकडं. पण माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गावातल्या प्रत्येक घराला लागायचे. अण्णा मोटारी भरतात. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटातली तांब्याची तार काढायची, नवी तार मोजून वेटोळ्यानं खाचांत बसवायची, कागद घालायचा, दोऱ्यानं बांधायची, वार्निश पाजायचं, भाजायची. याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. गंगापुरात एसटी स्टँडच्या मागं त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. ऊस, कपाशीच्या दिवसांत दुकानापुढं मोटारींची रांग लागते. आठवीपासून मी शाळा सुटल्यावर तिथंच बसायचे. तार मोजायचे. अण्णांनी मला पाढे शिकवले नाहीत, वेढे शिकवले.

पाटलांच्या मळ्यातली मोटार पावसाळ्यात एकदा विहिरीतच बुडाली. अण्णांना बोलावलं. मी सोबत गेले होते, दहावीला असेन. अण्णा दोर धरून खाली उतरले. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी बोल्ट सोडवले. दोन तास लागले. वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. धाप लागली होती. म्हणाले, "बाई, घोटभर पाणी द्या."

आईसाहेबांनी पाणी दिलं. वरून. अण्णा उकिडवे बसले, ओंजळ तोंडाला लावली, आणि त्यांनी हातभर उंचीवरून तांब्या तिरका केला. त्याच विहिरीचं पाणी. अण्णा त्याच पाण्यात दोन तास उभे होते. अंगावरून तेच पाणी निथळत होतं.

मी तेव्हा विचारलं, "अण्णा, तुमी त्या पाण्यात हुते तवा नाय बाटलं का ते?"

अण्णा सायकलवर मोटार बांधत होते. म्हणाले, "गप चल."

मी गप चालले. बरीच वर्षं गप चालले.

शहरात, संभाजीनगरला, आले ती शासकीय तंत्रनिकेतनात. मग वाळूजला एका कारखान्यात वायरिंग बांधायचं काम केलं. उभं राहून, आठ आठ तास. पाच वर्षांपूर्वी शेंद्र्याला ही नवी गाडीची कंपनी आली. भरती होती. मुलाखतीला टेबलाच्या पलीकडं पाटील साहेब बसले होते. गाडी घडवण्याच्या विभागाचे प्रमुख. पुण्याला शिकलेले, परदेशात नोकरी करून आलेले. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नाही. अर्जावरचं गाव वाचलं तेव्हा ओळखलं.

"अरे, तू आमच्या गावची! कोणाची?"

सांगितलं.

"म्हणजे आमची मोटार भरायचे ते." हसले. "छान. शिकलीस. छान."

तेव्हा मला ते चांगलं वाटलं होतं. साहेबांनी ओळख दाखवली, म्हणून. माणूस किती थोडक्यात खूश होतो.

सुरुवातीला आमच्या गाडीत परदेशी मोटार होती. मग ठरलं की मोटारसुद्धा आपलीच पाहिजे, तरच गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल आणि हजारोंनी काढता येईल. कंपनीचे मालक, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, त्यांनी तसं भर सभेत सांगितलं. आम्ही आठ जण त्या कामाला लागलो. वर्ष दीड वर्ष. मोटार झाली. टेबलावर झकास फिरायची. आलेख सरळ. आकडे सुंदर. सगळे एकमेकांच्या पाठी थोपटत होते.

मे महिन्यात गाडी रस्त्यावर काढली. संभाजीनगराहून निघायचं, फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याला जायचं, फर्दापूरचा घाट उतरायचा आणि भरल्या गाडीनिशी परत चढायचा. दुपारी. डांबर पातळ होतं तेव्हा. मी मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी थांबली. पुढं जाईना. मागं एसटी हॉर्न मारत होती. एका जीपवाल्यानं काच खाली करून विचारलं, "काय मॅडम, चार्जिंग संपलं का?" सगळी जीप हसली.

चार्जिंग भरपूर होतं. मी बॉनेट उघडलं आणि मला वास आला. जळक्या वार्निशचा. गोडसर, कडू. तो वास माझ्या लहानपणाचा वास आहे. आमच्या घरात कपड्यांना, गोधडीला, भाकरीच्या टोपल्याला तोच वास असायचा.

अशा चार मोटारी गेल्या त्या महिन्यात. ऑफिसात रोज बैठक. कुणी म्हणायचं कंट्रोलर, कुणी म्हणायचं सेन्सर, कुणी म्हणायचं थंड करायची व्यवस्था अपुरी. मी म्हणाले, "सर, मोटारीच्या आत वार्निश नीट पोचलेलं नाही. वासावरून कळतं. तारा आतल्या आत हलतात आणि घासतात."

पाटील साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"वासावरून? तू नाकानं इंजिनिअरिंग करते का?"

हशा पिकला.

"हे बघ, तुझे वडील विहिरीवरच्या मोटारी भरतात. ते काम वेगळं. ही गाडीची मोटार आहे. आकड्यांत बोल."

मी आकड्यांत बोलायचं ठरवलं. जळालेली एक मोटार भंगारात निघाली होती. रीतसर गेटपास करून ती गंगापूरला नेली. रविवार होता. अण्णांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, चष्मा पुसला आणि स्टेटर, म्हणजे तारा भरलेलं बाहेरचं कडं, मांडीवर घेतलं. मांजराचं पिल्लू घ्यावं तसं. बोटानं तारा दाबत गेले. मग करवतीनं आडवं कापलं. आतल्या तारांमध्ये वार्निशच नव्हतं. वरून चकचकीत आणि आत पोकळ.

"ही बुडवली कशी?"

"थंडच. भट्टीत आधी गरम करायला दोन तास लागतात म्हणून तशीच बुडवतात."

अण्णांनी मान हलवली. "थंड मोटार वार्निश पीत नाय पोरी. आधी तापवायची. गरम असतानाच बुडवायची, उभी, सावकाश. बुडबुडे थांबेस्तोवर काढायची नाय. मग भाजायची. ह्ये तुमच्या साहेबाला म्हाईत नाय व्हय?"

माहीत होतं. पुस्तकात आहे ते. पण पुस्तक त्यांच्या कपाटात होतं आणि घाई त्यांच्या डोक्यात.

आम्ही बापलेकींनी तीन रविवार बसून तसल्या तीन मोटारी भरल्या. मी त्या कंपनीत आणल्या, चाचणीच्या टेबलावर तपासल्या, त्यांतल्या दोन कापून आतले फोटो काढले. शेजारी जळालेल्या मोटारीचे फोटो लावले. किती जागा भरली, किती रिकामी, मोजून लिहिलं. एकवीस पानांचा अहवाल. आकड्यांत. मग उरलेली तिसरी मोटार गाडीत बसवून आम्ही परत घाटात गेलो, त्याच दुपारच्या उन्हात. गाडी चढली. एकदा नाही, लागोपाठ नऊ वेळा. वरच्या वळणावर उतरून मी हात लावून बघितलं. तापलेली होती. पण वास नव्हता.

अहवाल मोठ्या साहेबांकडं गेला. पहिल्या पानावर पाटील साहेबांचं नाव. खाली 'आणि चमू'. माझं नाव कुठंच नाही. मी विचारायला गेले तेव्हा म्हणाले, "अगं, टीमवर्क असतं हे. नावाचं काय एवढं?" त्यांचं नाव मात्र होतं. जाड ठशात.

तेही गिळलं. म्हटलं, गाडी चालली ना. रस्त्यावर पळेल ना. बस.

आणि मग ती पूजा झाली. ते फडकं आलं.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी सलीमभाई कँटीनच्या मागं भेटले. मला बघून उभे राहिले. हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"मैडम, मेरेकू क्या मालूम था. बोले पोंछ, मैं पोंछ दिया. बाद में समझा किसका हाथ था, काय को पोंछने लगाए." खाली बघत होते. "घर जाके बीवी को बोला. वो बोली, तुम्हारे हाथ से ये काम कराए, और तुम किए?"

मी म्हणाले, "तुमची काही चूक नाही, भाई."

"है," ते म्हणाले. "थोडी है."

पन्नास माणसं होती त्या गोलात. इंजिनिअर, मॅनेजर, माझ्यासोबत डबा खाणारे. त्या पन्नासांतून हा एक माणूस माझ्याकडं आला. बाकीचे दोन दिवस माझ्याशी जास्तच गोड बोलले. मनुष्यबळ विभागाच्या वर्षा मॅडम तर माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "मी तेव्हा फोनवर होते गं. माझं लक्षच नव्हतं." पूजेच्या फोटोत त्यांचे दोन्ही हात टाळ्या वाजवताना दिसतात.

महिना गेला. आता गाड्या दिवसाला एकदोन नाही, मोठ्या संख्येनं काढायच्या होत्या. प्रत्येक कामाची कृती कागदावर पक्की करून त्यावर जबाबदार माणसाची सही घ्यायची होती. मोटारीच्या कृतीवर सही माझी. कारण चाचण्या माझ्या.

मोठ्या खोलीत बैठक होती. मोठे साहेब, पाटील साहेब, उत्पादनवाले, गुणवत्तावाले. सकाळचे अकरा. माझ्यापुढं कागद सरकवला. मी वाचला. परत वाचला.

"सर, यात बुडवायच्या आधी गरम करायची पायरी नाही."

"काढलीय ती," पाटील साहेब म्हणाले. "भट्टी एकच आहे. लाईन खोळंबते. वार्निश बदललंय, चालतं तसं. कर सही."

"पण मागं जोडलेली घाटाची चाचणी गरम केलेल्या मोटारीची आहे. या कृतीची चाचणीच झालेली नाही."

"फॉर्मॅलिटी आहे गं. कर."

"गाडी घाटात बंद पडली तर? आत बायकापोरं असतील. मागून ट्रक येत असेल."

साहेब मोठ्या साहेबांकडं वळून हसले. "हिच्या वडिलांचं गंगापूरला मोटारी भरायचं दुकान आहे, सर. यांना भट्टीशिवाय चैन पडत नाही."

परत तोच हशा. ओळखीचा. कुणीतरी पेन माझ्या हाताजवळ सरकवलं.

मी ते पेन बघितलं. आणि माझा हात बघितला. त्या क्षणी आत काही पेटलंबिटलं नाही. उलट थंड झालं सगळं. लख्ख दिसायला लागलं. मी उभी राहिले.

"पाटील साहेब," मी म्हणाले, "महिन्यापूर्वी याच हातानं तुमचं बॉनेट बाटलं. पन्नास माणसांसमोर तुम्ही ते पाण्यानं पुसून घेतलं. आज हाच हात सहीला चालतो?"

पाटील साहेबांनी मोठ्या साहेबांकडं चोरून बघितलं.

"हा काय विषय आहे का इथं?" ते म्हणाले.

"इथंच आहे. गाडी चालली तर नाव तुमचं. जळाली तर सही माझी. हात लावायला मी नको, अडकवायला मी पाहिजे. माझ्या बापाच्या दुकानावर हसून घ्या. त्या दुकानात बसून मी तुमची गाडी चढवलीय घाट."

मी पेन उचललं. कागदावर मराठीतच लिहिलं: 'गरम न करता बुडवलेल्या मोटारीची चाचणी झालेली नाही. ही कृती मला मान्य नाही.' आणि त्या वाक्याखाली सही केली. पूर्ण नावानं. आडनावासकट.

मोठ्या साहेबांनी कागद ओढून वाचला. चष्मा काढला. पाटील साहेबांना विचारलं, "चाचणी झालीय?"

"सर, तशी गरज..."

"झालीय का?"

"नाही."

"मग दुसरी भट्टी मागवा. तोवर लाईन थांबवा."

पुढं वीस मिनिटं भट्टीवर चर्चा झाली. कुठून आणायची, कुठं बसवायची, जोडणीला किती दिवस. वीस मिनिटं. बॉनेटवर एक शब्द नाही. मोठ्या साहेबांना मोटार कळली, गाडी परत आली तर कंपनीचं नाव जाईल हे कळलं. मी जे आधी बोलले ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं.

बाहेर पॅसेजमध्ये पाटील साहेबांनी मला गाठलं. आता हसत नव्हते. गावचा आवाज बाहेर आला होता.

"तुमच्या लोकांना जरा जवळ केलं की असं व्हतं. डोक्यावर बसता."

मी म्हणाले, "साहेब, तुमी कवा जवळ केलं? तुमी कामाला लावलं. दोन्हीत फरक हाय."

दुपारी चारला पत्र मिळालं. उद्यापासून स्टोअर. बोल्ट आणि वायसर मोजायचे. कारण लिहिलं होतं, 'कामाच्या गरजेनुसार'.

त्या रविवारी मी गंगापूरला गेले आणि अण्णांना सगळं सांगितलं. पूजेपासून. तोवर लपवलं होतं. अण्णा एका मोटारीत कागद बसवत होते. हात थांबले नाहीत.

"मी पोलिसांत तक्रार देणार हाय," मी म्हणाले.

"नगं," ते म्हणाले. "बाई, नोकरी हाय. पाटलाचं घर हाय. उद्या गावात आपल्याला ऱ्हायचंय. आपुन काम करावं. काम बोलतं."

"काम नाय बोलत, अण्णा. त्या अहवालात एकवीस पानं काम हुतं. ते माझ्याबद्दल एक अक्षर बोललं नाय."

अण्णांनी कागदाची घडी खाचेत दाबून बसवली.

मग मी बोलू नये ते बोलले. वीस वर्षं घशात होतं. "तुमी ओंजळ धरली म्हणून त्यांना वरून पाणी वतायची सवय लागली. तुमी गिळलं. मी नाय गिळणार."

अण्णांनी दोरा तोडला. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता मारतील. त्यांनी मला कधी मारलं नाही, पण तेव्हा मारलं असतं तर मला चाललं असतं.

"पाटलाची मोटार बारा येळा भरली म्या," ते म्हणाले. "दर येळी वाटायचं, ही कच्ची भरावी. ऐन पाण्याच्या पाळीत जळू दे. आन दर येळी हात ऐकायचा नाय. पक्कीच भरायचा." त्यांनी तळवे उलटेपालटे करून बघितले. "त्ये गिळणं व्हतं का काय व्हतं, मला अजून कळलं नाय. तू जा. मी येत नाय. मला नाय जमायचं."

आणि ते आले नाहीत. मी एकटी गेले.

पहिल्या खेपेला ठाण्यात मला बसवून ठेवलं. दुसऱ्या खेपेला 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला एक फौजदार भेटले. वयस्क, बोलायला सौम्य. म्हणाले, "ताई, मी तुमच्या भल्याचं सांगतो. पाटील माफी मागायला तयार आहेत. तुमच्या घरी येऊन. चारचौघांत गाजावाजा नको एवढंच म्हणणं आहे त्यांचं. मिटवून टाका."

"पुसलं पन्नास माणसांसमोर," मी म्हणाले. "माफी बंद खोलीत?"

"साक्षीदार आहे का कुणी?"

दारातून आवाज आला. "मैं है साब."

सलीमभाई होते. सकाळची पाळी संपवून तसेच आले होते, कंपनीच्या निळ्या गणवेशात. मी बोलावलं नव्हतं. आज ठाण्यात जाणार हे कँटीनमध्ये बोलले होते, तेवढंच. त्यांनी जे झालं ते शब्दाला शब्द सांगितलं. कोण काय बोललं, पाणी कुठलं, फडकं कोणत्या रंगाचं. जबाबाखाली सही केली, उर्दूत, उजवीकडून डावीकडं.

फौजदारांनी माझी फिर्याद लिहून घेतली. कलमं मीच सांगितली.

आठ दिवसांत कंत्राटदारानं सलीमभाईंना गेटवरूनच परत पाठवलं. आता ते क्रांती चौकात रिक्षा लावतात. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "नक्को मैडम, रोने का नक्को. बयान वापस नै लेता मैं." मी रडत नव्हते. माझ्यासाठी कुणाचं काम जावं असं मला कधी वाटलं नव्हतं. ते ओझं माझं आहे. ते कमी करून सांगणार नाही.

गाड्या आता रस्त्यावर आहेत. जालना रोडवर रोज दोनचार दिसतात. परवा सिल्लोडचं एक कुटुंब शोरूममध्ये भेटलं. म्हणाले, "फर्दापूरचा घाट भरल्या गाडीनं चढलो ताई, काय आवाज नाय, काय नाय." मी म्हणाले, "चढणारच." कशी चढते ते त्यांना माहीत नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पाटील साहेब जामिनावर आहेत. खुर्चीवरही आहेत. मधल्या काळात त्यांना स्वदेशी मोटारीसाठी एक सन्मान मिळाला. सत्काराचा फोटो स्टोअरच्या भिंतीवरही लावलाय, माझ्या टेबलासमोर. मुद्दाम लावला असेल. असू दे. मी रोज बघते. मला विसर पडू नये यासाठी त्यांनीच सोय केली.

वर्षा मॅडम अधूनमधून येतात. "दुसरीकडं बघ ना गं नोकरी. तुला कुठंही मिळेल." मिळेल. मला माहीत आहे. पण मी राजीनामा देणार नाही. गेले तर ही गाडी त्यांची होऊन जाईल, कायमची. मूळ अहवालाच्या पहिल्या पानावर माझं नाव लावा म्हणून मी दर महिन्याला लेखी अर्ज देते. आवक शिक्का मारून घेते. सात झाले. एकालाही उत्तर नाही. आठवा टाईप करून ठेवलाय. या वेळी अर्जात अण्णांचंही नाव आहे. मोटार भरणारे, गंगापूर. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. त्यांच्या वकिलांनी काल निरोप धाडला. घटना घडलीच नाही असं म्हणायची गरज नाही, मी फक्त नीट आठवत नाही एवढं म्हणावं. मग मोटार विभागात परत घेतील. बढतीनं.

मी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि सांगितलं, "मला सगळं आठवतं. तांब्या कुठल्या हातात होता तेसुद्धा."

साडेदहाची वेळ आहे. मी दहाला जाणार. पहिल्या बाकावर बसणार, पाटील साहेब आत येतील तेव्हा त्यांना मी आधी दिसले पाहिजे. आईसाहेबांनाही आरोपी केलंय, त्याही येतील. नाव पुकारलं की उठणार, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाणार आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सांगणार. हळू सांगणार, लिहून घेणाऱ्याचा एक शब्दही सुटू नये म्हणून.